वॉशिंग सेंटर : समोर नवं सेंटर आलं म्हणून लगेच दर पाडू नका, आधी हा हिशेब करा

तालुक्याच्या गावांत बायपासला, पेट्रोल पंपाजवळ, मार्केट यार्डासमोर नवी वॉशिंग सेंटर उभी राहत आहेत. फोमचा फवारा, लाईटचा बोर्ड, बसायला खुर्च्या असा थाट असतो. एक रॅम्प आणि एक पंप घेऊन जुन्या काळी धंदा सुरू केलेल्याचं गिऱ्हाईक त्यामुळे फुटतं. मग दर कमी करायचा विचार सगळ्यात आधी मनात येतो. पण घाईने दर पाडले तर धंदा आतून पोखरतो. जुन्या सेंटरवाल्याला दुसरं काय करता येईल, आणि गिऱ्हाइकाने स्वतःची गाडी स्वतः धुवायची 'सेल्फ सर्व्हिस' सोय कशी चालवायची, त्याची ही माहिती.

दहा रुपये कमी केले तर काय होतं?

समजा, मोटारसायकल धुवायचे ६० रुपये घेता. पाणी, लाईट, शाम्पू, कामगाराची मजुरी धरून खर्च ३५ रुपये येतो. गाडीमागे २५ रुपये राहतात. दिवसाला ३० गाड्या झाल्या तर ७५० रुपये हातात.

आता समोरच्याने ५० केले म्हणून तुम्हीही ५० केले. गाडीमागे १५ रुपयेच राहिले. तेच ७५० रुपये मिळवायला रोज ५० गाड्या धुवाव्या लागतील. जिथे दोन सेंटर झाली तिथे २० गाड्या वाढणार कुठून?

त्यापेक्षा कार्ड काढा. नऊ वेळा पैसे, दहावी धुलाई फुकट. दहा गाड्यांचे ५४० रुपये येतात, खर्च ३५० जातो, १९० उरतात. म्हणजे गाडीमागे १९ रुपये. दर पाडण्यापेक्षा हे बरं, शिवाय गिऱ्हाईक परत येतं. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपला खर्च वहीत लिहून आपला हिशेब मांडावा.

नव्या सेंटरवर बहुतेक वेळा कर्ज असतं. पीएमईजीपीसारख्या योजनेत ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या २५ ते ३५ टक्के अनुदान ठेवलेलं आहे, पण कर्जाची बाकी रक्कम व्याजासकट फेडावीच लागते. जुन्याची मशीन फिटलेली असते, हप्ता नसतो. हे त्याचं बळ आहे.

'स्वतः धुवा' सोय कशी करायची?

अमेरिका, युरोपात नाणं टाकून गाडी धुवायचे गाळे बऱ्याच वर्षांपासून चालतात. आपल्याकडे महागडी मशीन न घेताही ते जमतं. एक गाळा वेगळा ठेवायचा, त्याला वेगळी गन द्यायची आणि मिनिटांवर पैसे घ्यायचे. पहिल्या पाच मिनिटांचा एक दर, पुढे प्रत्येक मिनिटाचा वेगळा. पंपाला टायमर बसवला की वाद होत नाही. पैशासाठी क्यूआर कोड लावावा.

पिकअपवाला, रिक्षावाला, ट्रॅक्टरवाला यांना स्वतः धुवायला कमीपणा वाटत नाही. त्यांचे पैसे वाचतात, तुमची मजुरी वाचते. पाण्याचंही बघा. मिनिटाला १० लिटर पाणी टाकणारा प्रेशर पंप पाच मिनिटांत ५० लिटर वापरतो. घरी मिनिटाला १५ लिटर येणारा पाईप पाव तास सोडला तर २२५ लिटर जातात. ही गोष्ट बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहावी.

एक काम मात्र टाळू नका. ओल्या हाताने माणूस मशीनजवळ उभा राहणार आहे. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. करंट गळाला की ती लाईट तोडते. तिचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघावं. जाणत्या वायरमनकडूनच हे काम करून घ्यावं.

गाळ्यात हा बोर्ड लावा

- लाल नोझल शून्य अंशाचं असतं, त्याची धार रंग उडवते. 'स्वतः धुवा' गाळ्यात ते ठेवूच नये. हिरवं २५ आणि पांढरं ४० अंशाचं असतं, तेच द्यावं.
- गन गाडीपासून किमान एक फूट लांब धरावी.
- तापलेल्या इंजिनवर गार पाणी मारू नये.
- ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर जवळून धार मारली तर जाळीच्या पात्या वाकतात. बॅटरी, अल्टरनेटर, एअर फिल्टर यांवर धार नको.
- इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला असताना धुवू नये. चार्जिंगच्या तोंडावर आणि डिस्प्लेवर प्रेशर मारू नये. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा दर्जा. प्रेशरच्या धारेची चाचणी वेगळी असते.

नव्याला जे नको, ते तुम्ही घ्या

चकचकीत फरशी टाकलेल्याला चिखलाने भरलेला रोटाव्हेटर नको असतो. जुन्या सेंटरने तो घ्यावा. ट्रॅक्टर आणि अवजारांचा गाळा वेगळा करावा, कारण तिथल्या वाळूची बादली-फडकं कारला लागलं तर रंगावर ओरखडे उठतात. धुतल्यावर बेअरिंगमध्ये पाणी राहतं. म्हणून ग्रीस गनने ग्रीस मारून देण्याचे वेगळे पैसे घ्यावेत. शेतकऱ्याला ते देताना काही वाटत नाही, त्याचं अवजार टिकतं.

कारवाल्यासाठी एवढं सांभाळा. बोरचं पाणी क्षाराचं असेल तर उन्हात वाळल्यावर काचेवर पांढरे डाग पडतात. गाडी सावलीत धुवावी आणि पाणी सुकायच्या आत मायक्रोफायबर कापडाने पुसावी. कपड्याची पावडर वापरू नये, ती रंगावरचं मेण काढते. खालून डिझेल-ऑइल मारायची जुनी पद्धतही सोडावी, त्याने रबरी बुश फुगतात. मेकॅनिकही गिऱ्हाइकाला तेच सांगतो, आणि मग नाव खराब होतं.

खंडेनवमी आणि दसऱ्याला पहाटेपासून रांग लागते. त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर वेळ देऊन टोकन द्यावं. मोटारसायकलची रांग वेगळी ठेवावी. सणाला तास-दोन तास ताटकळलेला माणूस पुढच्या वेळी समोर जातो.

पाणी आणि लाईटचे नियम

शेतीपंपाच्या जोडणीवर वॉशिंग सेंटर चालवू नका. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. कितीतरी महिन्यांची कमाई एका बिलात जाईल.

धुतलेलं पाणी ओढ्यात सोडू नये. जल प्रदूषण कायदा १९७४ पासून आहे. तीन खणांची टाकी बांधावी. पहिल्या खणात गाळ बसतो, दुसऱ्यात ऑइल वर तरंगतं ते काढून घ्यायचं, तिसऱ्यातलं पाणी ट्रॅक्टरचा पहिला चिखल सोडवायला परत वापरायचं. कारच्या रंगावर ते मारू नये.

उन्हाळ्यात याचा खरा उपयोग कळतो. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूला पाणीटंचाई पडली तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाड्या धुवायला बंदी आली आणि ५,००० रुपये दंड ठरला. गावात टँकर सुरू असताना ज्याच्या सेंटरवर पाणी वाहताना दिसतं, त्याच्याकडेच लोक बोट दाखवतात. पाणी परत वापरणाऱ्याला निदान सांगायला तोंड असतं.

सुरुवात कुठून करायची?

सगळं एकदम करायला पैसे लागत नाहीत. पहिल्या महिन्यात वही घाला : रोज किती गाड्या, कोणत्या, किती वाजता, किती खर्च. त्याच महिन्यात अर्थिंग आणि आरसीसीबीचं काम उरका. नोझल झिजलं असेल तर बदला. भोक मोठं झालं की पाणी जास्त जातं आणि प्रेशर पडतं. पुढच्या महिन्यात एक गाळा 'स्वतः धुवा'ला द्या, मग टाकीचं बांधकाम. दर बदलायचा की नाही, हे तीन महिन्यांची वही बघून ठरवा.