अणुऊर्जा विभाग पदवीधर अधिछात्रवृत्ती योजना

अणुऊर्जा विभाग पदवीधर अधिछात्रवृत्ती योजना, संक्षेपाने डीजीएफएस, ही भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाची योजना आहे. तिच्याखाली निवडक अभियांत्रिकी पदवीधरांना आयआयटीसारख्या संस्थांत एम.टेक. करण्यासाठी मासिक विद्यावेतन व शिक्षण शुल्क दिले जाते आणि शिक्षणानंतर त्यांना विभागात वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमले जाते. नावात अधिछात्रवृत्ती असली तरी तिच्यासाठी केलेला अर्ज हा प्रत्यक्षात शासकीय सेवेसाठीचाच अर्ज असतो.

पार्श्वभूमी

अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा विचार होमी भाभा यांनी 1944 मध्ये सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला लिहिलेल्या पत्रात मांडला होता. 1954 मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा आस्थापना सुरू झाली आणि 1956 मध्ये 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. भारतीय विद्यापीठांत त्या काळी अणुभट्टीचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे पदवीधरांना स्वतःच घडवण्यासाठी 1957 मध्ये प्रशिक्षण विद्यालय काढण्यात आले. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेले अनिल काकोडकर याच विद्यालयातून 1964 मध्ये केंद्राच्या सेवेत आले व पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. या विद्यालयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आज ओसीईएस या नावाने ओळखला जातो. डीजीएफएस ही त्याचीच जोडयोजना असून दोन्हींसाठी निवडप्रक्रिया समान आहे.

अर्ज व निवड

अर्जदार भारतीय नागरिक असावा लागतो आणि पात्रता परीक्षेत किमान 60 टक्के गुण आवश्यक असतात. वयोमर्यादा व विद्याशाखांची यादी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेली असते. अर्ज ऑनलाइन भरला जातो. मुलाखतीसाठीची निवड दोन मार्गांनी होते: केंद्राची स्वतःची ऑनलाइन परीक्षा किंवा गेट परीक्षेतील गुण. ऑनलाइन परीक्षेत 100 बहुपर्यायी प्रश्न असून बरोबर उत्तरास 3 गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तरास 1 गुण वजा होतो. त्यामुळे अंदाजाने उत्तरे देणे महागात पडू शकते.

परीक्षेचे गुण केवळ मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात; अंतिम गुणवत्ता यादी मुलाखतीतील कामगिरीवर ठरते. मुलाखतीत माहितीच्या विस्तारापेक्षा मूलभूत संकल्पनांची पकड तपासली जाते. पदवीच्या अभ्यासक्रमातील काही विषय मुळापासून पक्के असलेला उमेदवार तेथे टिकतो. सर्व विषय वरवर वाचलेला उमेदवार सहसा अडखळतो. त्यानंतर वैद्यकीय तपासणी व चारित्र्य पडताळणी होते.

डीजीएफएसच्या अर्जदाराची अडचण बहुधा याच टप्प्यावर येते. विभागाने निवड केली तरी एम.टेक.चा प्रवेश विभाग मिळवून देत नाही. विहित संस्थेत, विहित शाखेत, त्या संस्थेच्या नियमांनुसार उमेदवाराने स्वतंत्र अर्ज करून प्रवेश मिळवायचा असतो. आयआयटींचे एम.टेक. प्रवेश मुख्यतः गेटच्या गुणांवर होत असल्याने, केंद्राची ऑनलाइन परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाही गेटपासून सुटका नसते. दोन्ही अर्जांची वेळापत्रके वेगवेगळी असतात आणि संस्थेचा अर्ज चुकला तर डीजीएफएसची संधी हुकते. असा उमेदवार ओसीईएसकडे मात्र जाऊ शकतो.

बंधने व नेमणूक

एम.टेक.चा प्रकल्प विभागाने ठरवलेल्या विषयावर असतो. पदवीनंतर मुंबईच्या प्रशिक्षण विद्यालयात सुमारे चार महिन्यांचा परिचय अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो यशस्वीपणे संपवणाऱ्यांस वैज्ञानिक अधिकारी 'सी' या पदावर नेमले जाते. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे प्रारंभिक मूळ वेतन 56,100 रुपये आहे. किमान तीन वर्षे सेवेचे हमीपत्र प्रवेशाच्या वेळीच द्यावे लागते. नेमणुकीचे ठिकाण विभागाच्या गरजेनुसार ठरते. ते तुर्भे असेल, कल्पाक्कम असेल किंवा इंदूर.

संशोधन अधिछात्रवृत्तीशी फरक

पीएच.डी.साठीची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती ही वेगळी बाब आहे. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या पीएच.डी. अभ्यासक्रमांना जेस्ट, नेट, गेट यांसारख्या परीक्षा व मुलाखतीद्वारे प्रवेश मिळतो. 2005 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेली ही संस्था अणुऊर्जा विभागाचीच आहे. या अधिछात्रवृत्तीबरोबर सेवेचे हमीपत्र नसते, तसेच नोकरीची हमीही नसते.