‘कुणाचा रे तू?’



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह, किल्ले आणि गाद्या यांची अपेक्षा असते. आज आम्ही घेतलेल्या विषयात यांपैकी फारसे काही नाही. विषय आहे पोरवयातल्या पहिल्या नोकरीचा. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा धुतलेला सदरा घालून, केसांना पाणी लावून कुणाच्या तरी दारात उभा राहतो, हा प्रसंग बहुतेक घरांत प्रत्येक पिढीत एकदा तरी येतो. घरची माणसे तो जन्मभर विसरत नाहीत. बखरीत मात्र त्याला जागा मिळत नाही.

आमच्यावरही तो आला होता. शालान्त परीक्षेचा निकाल लागला त्या उन्हाळ्यात आम्ही कसबा बावड्याहून चालत शहरात गेलो आणि एका कचेरीच्या दारात उभे राहिलो. हातात गुणपत्रिका होती. तिथल्या गृहस्थांनी ती उघडूनही पाहिली नाही. ‘कुणाचा रे तू?’ एवढेच विचारले. आम्ही वडिलांचे नाव सांगितले. त्यांना ते नाव ठाऊक नव्हते. ‘बरं, बघू,’ म्हणून त्यांनी मान वळवली आणि आमची मुलाखत संपली. परतीच्या वाटेवर आम्ही विचार करीत होतो, की ‘तुला काय येते?’ असे जर त्यांनी विचारले असते, तर आमच्यापाशी थोडे तरी उत्तर होते.

‘कुणाचा तू?’ आणि ‘तुला काय येते?’ या दोन प्रश्नांमधले अंतर हाच आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय.

जुन्या गावगाड्यात दुसरा प्रश्न उद्भवतच नसे. सुताराचा मुलगा वाकस हाती धरी, कुंभाराचा चाकावर बसे, कुणब्याचा औतामागे चाले. पंचगंगेच्या काठी ऊस वाढला तसे गुऱ्हाळावरचे काम आले. चिपाडे वाळत घालणे आणि चुलवाणात जाळ घालणे ही कामे पोरांच्या वाट्याला येत. वर्षानुवर्षे काहिलीजवळ उभा राहून एखादा गुळव्या होई. ज्याच्या घरी जमीन नसे तो सालगडी म्हणून राही. यांपैकी कुणी नोकरी शोधली असे म्हणता येत नाही. नोकरीनेच त्यांना पाळण्यात शोधून काढले होते! या व्यवस्थेत उपाशी राहण्याची भीती थोडी कमी असेल. पण सुताराच्या पोराला लिहिण्याची आवड असली, किंवा महाराच्या पोराला हिशेब उत्तम येत असला, तर त्याचे पुढे काय, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते. मुलींची गोष्ट तर याहून निराळी. त्या भांगलणीपासून शेणकुटापर्यंत सगळे करीत. पण त्याला काम म्हणण्याची रीत नव्हती, मग पगार कुठला?

आता गंमत पाहा. ज्या पुरुषाने या भागात हा पहिला प्रश्न हलवला, तो कसबा बावड्यातच जन्मला. २६ जून १८७४ रोजी लक्ष्मीविलास राजवाड्यात कागलकर घाटग्यांच्या घरी यशवंतराव नावाचा मुलगा जन्मास आला. १७ मार्च १८८४ रोजी तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू झाला. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्याने राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्याला विसावे वर्ष चालू होते. विनोदाने बोलायचे तर हीही पोरवयातली पहिली नोकरीच! आणि तिच्यासाठी विचारला गेलेला प्रश्नही तोच होता, ‘कुणाचा तू?’ दत्तकविधानाने त्याचे उत्तर बदलले नसते, तर ती गादी त्यांना मिळती ना.

ज्याला जन्माच्या आणि दत्तकाच्या नात्याने सगळे मिळाले, त्यानेच इतरांसाठी तो प्रश्न दुय्यम करण्याचा प्रयत्न करावा, यात आम्हांला शाहू महाराजांचे मोठेपण दिसते. त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा दरबारच्या ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण होते, आणि ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर अवघे १०. यात प्रत्येक ठिकाणी कुणी कट केला असे मानण्याचे कारण नाही. जागा रिकामी झाल्याची बातमी आधी कचेरीतल्या कारकुनाच्या घरी पोचते, तिथून भाच्याकडे, मेहुण्याकडे जाते. बावड्याच्या शेतकऱ्याला ती कळेपर्यंत जागा भरलेली असते. वशिला नेहमीच लबाडीने चालतो असे नाही. पुष्कळदा तो नुसत्या मायेनेच चालतो, आणि म्हणूनच तो मोडणे कठीण जाते.

२६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, दरबारचा हुकूम प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात; आणि खातेप्रमुखांनी अशा नेमणुकांचे तिमाही पत्रक दरबारास पाठवावे, असा त्याचा आशय होता. यातल्या पहिल्या कलमाची आठवण सर्वजण काढतात. आम्हांला दुसरे तितकेच महत्त्वाचे वाटते. हुकूम काढून राजा विसरला तर कचेरी त्याच्याही आधी विसरते. दर तीन महिन्यांनी हिशेब द्यावा लागणार म्हटल्यावर विसरण्याची सोय राहिली नाही.

यावर एक आक्षेप तेव्हाही होता, आजही ऐकू येतो: हा हुकूम तरी ‘कुणाचा तू?’ असेच विचारत नाही काय? विचारतो, हे आम्ही मान्य करतो. फरक एवढाच, की आधी तो प्रश्न दार लावण्यासाठी हळू आवाजात विचारला जात होता. हुकुमाने तो दार उघडण्यासाठी उघडपणे विचारला. शिवाय महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. जागा राखली आणि ती घेणारा शिकलेला मुलगाच नसला, तर उपयोग काय? म्हणून हुकुमाच्या आधीच, १९०१ साली, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले होते. जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातल्या पोराला शहरात दोन वेळचे जेवण आणि निजायला जागा मिळाली, की ‘काय येते?’ या प्रश्नाला तो उत्तर तयार करू लागतो. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठरला. १९१८ साली कुलकर्णी वतने गेली आणि त्या जागी पगारी तलाठी आले. गावचे दप्तर ही कुणा एका घराची मिरास राहिली नाही. शिकलेल्या मुलाला मागता येईल अशी ती नोकरी झाली. १९१२ साली ९५ अधिकारपदांपैकी ब्राह्मणांकडे ३५ होती, म्हणजे दहा वर्षांत दार बरेच किलकिले झाले होते.

कचेरीबाहेर मात्र वेगळाच कायदा चालत असे, तो ओळखीचा. याचे उदाहरण कोल्हापूरनेच दिले आहे. १९०१ साली जन्मलेले शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, पोरवयात हुबळीच्या रेल्वे कारखान्यात कामाला होते. तिथल्या पत्र्याच्या सिनेमागृहातही पडेल ते काम करीत. १९२० साली ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. तिथे त्यांना नेले कुणी? मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांनी. सुरुवातीला हाती आली ती साफसफाई आणि सांगकामे. नऊ वर्षांनी, १ जून १९२९ रोजी, ‘प्रभात’ स्थापन करणाऱ्यांत ते एक होते. दार मावसभावाने उघडले हे खरे. पण आत शिरल्यावर त्यांना टिकवून धरले ते त्यांच्या कामानेच. तेव्हा ओळखीला आम्ही सरसकट दोष देत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या पोराला असा मावसभाऊ नाही, त्यालाही एक दार असले पाहिजे.

१९०६ साली पायाभरणी झालेली शाहू मिल आणि पुढे १९३०च्या दशकात कसबा बावड्यात उभा राहिलेला साखर कारखाना ही अशी दारे ठरली. आज तोच कारखाना छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो. हंगामी का होईना, पण पगाराच्या दिवशी सही करून पैसे मोजून घेण्याचा अनुभव बावड्याच्या पुष्कळ घरांत या कारखान्याने पहिल्यांदा आणला.

परंतु दार उघडे असणे आणि पोर लवकर आत ढकलले जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१च्या कायद्याने गिरणीकामाला सात वर्षांखालील मुले घेण्यास बंदी केली. म्हणजे आठ वर्षांचे पोर चालत होते! ती मर्यादा १८९१ साली नऊ आणि १९२२ साली बारा झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि बरोबर एका महिन्याने नवा कारखाने अधिनियम अमलात आला: चौदा वर्षांखालील मुलाला बंदी, आणि चौदा ते अठरा वर्षांच्या मुलाला डॉक्टरी दाखला आवश्यक. २०१६ सालच्या दुरुस्तीने चौदाखालील मुलांना जवळजवळ सर्वच कामांत मनाई झाली. सात ते चौदा हे अंतर कापायला या देशाला अडुसष्ट वर्षे लागली.

आणि तरीही हंगामात बावड्याच्या शिवारात ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्या पाहा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. अशा घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराला ‘कुणाचा तू?’ असे विचारावे लागत नाही आणि ‘काय येते?’ असे कुणी विचारीत नाही. त्याच्या पहिल्या नोकरीचा करार त्याच्या आईबापांच्या कर्जाने आधीच झालेला असतो. गावगाड्याने पाळण्यात धरलेला हात येथे अजून सुटलेला नाही.

१९५९ साली कायदा झाला, की सरकारी कचेऱ्यांनी आणि मोठ्या खाजगी मालकांनी रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळवाव्यात. नेमणूक तिथूनच करावी, अशी सक्ती त्याने केली नाही. फक्त बातमी सांगण्याची सक्ती केली. बातमी भाच्याच्या घरी आधी पोचू नये, हा त्यातला विचार आम्हांला १९०२च्या तिमाही पत्रकाचाच धाकटा भाऊ वाटतो.

श्रोतेहो, हुकूम राजाने काढले, कायदे विधिमंडळांनी केले. पण पहिल्या नोकरीचे दार बहुधा तुमच्याआमच्यासारख्यांच्याच हाती असते: दुकानात, छापखान्यात, पेढीवर, दवाखान्यात. उद्या निकाल लागतील. एखादा मुलगा, एखादी मुलगी तुमच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहील. हातात घडी घातलेली गुणपत्रिका असेल. वडिलांचे नाव जरूर विचारा, ती आपल्याकडची रीतच आहे. पण आधी त्या कागदाची घडी उघडा आणि ‘बाळ, तुला काय येते?’ एवढे विचारा. मग जागा नसली तर नाही म्हणा. तेवढे ऐकून घेतले गेले, तर परतीची वाट आम्हांला वाटली होती तेवढी लांब त्याला वाटणार नाही.