भेग भरण्याआधी

तडकलेलं स्टेअरिंग दुरुस्त करताना पहिलं काम उलटंच असतं. भेग आधी मोठी करायची. हॅक्सॉच्या पात्याने तिला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडायची, थेट आतल्या पोलादी कडीपर्यंत. काकांच्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीवर मी हे शिकलो. भेगेवर वरवर लांबी फासली, तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते.

का उघडते? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सुरुवातीच्या मोटारींना चाक नव्हतंच. होडीच्या सुकाणूसारखा दांडा धरून त्या वळवायच्या. १८९४ च्या पॅरिस-रुआँ शर्यतीत आल्फ्रेद वाशरों याने आपल्या पानारला गोल चाक लावलं. ही कल्पना काही वर्षांतच रुळली. आधी लाकूड, मग गंधक मिसळून कडक केलेलं रबर, पुढे प्लास्टिक, असं चाकाचं साहित्य बदलत गेलं. पोलादी कडीवर साचातून ओतलेलं आवरण, ही रचना मात्र टिकली.

भेगेचं मूळ याच रचनेत आहे. उन्हाने प्लास्टिक पोलादापेक्षा कित्येक पट जास्त प्रसरण पावतं, थंडीत तितकंच आकसतं. शिवाय त्याला लवचिक ठेवणारी द्रव्यं वर्षानुवर्षं उडून जातात. आवरण आक्रसतं, आतली कडी हलत नाही. मग ताण वाढून ते तडकतं, बहुधा आरे जिथे कडीला मिळतात तिथेच.

पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याला बनवली. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. अशी गाडी विकून नवी घेणं सोपं नव्हतं, म्हणून ती दुरुस्त करत राहणं हीच रीत होती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

काकांचं चाक धुतल्यावर एक गोष्ट दिसली. घड्याळात तीन वाजतात त्या जागी कडी झिजून गुळगुळीत झाली होती. गियरचा दांडा स्टेअरिंगच्या डाव्या बाजूला, म्हणजे डावा हात सारखा तिकडे. सगळी वर्षं चाक सांभाळलं ते उजव्या हाताने. काका आता नाहीत. त्यांच्या हाताची एवढीच खूण उरली होती, आणि नीट दुरुस्ती म्हणजे नेमकी तीच पॉलिश पेपरने घासून टाकणं.

मी मधला मार्ग काढला. आतल्या कडीला तडा नाही ना, ते आधी पाहिलं. तो असता तर चाक भिंतीवरच टांगावं लागलं असतं, कारण लांबी आकार देते, ताकद नाही. गंज खरवडला, दोन भाग मिसळून होणारी इपॉक्सी लांबी खाचांत दाबून भरली, एक दिवस सुकू दिली. मग कानस, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग.

तीनच्या जागेवर मात्र कागदी टेप लावून ठेवली होती. तिथे रंग नाही. गाडी दाखवायला नेली की जाणकार तेवढ्यावर बोट ठेवतात, ‘‘हे राहिलं वाटतं.’’

राहिलं नाही. ठेवलंय.