हळदीचा रंग आणि शोषणाचा हिशेब

मराठीत 'शोषण' हा शब्द दोन घरी नांदतो. पदार्थविज्ञानात द्रव्य प्रकाशाचे शोषण करते, तर समाजशास्त्रात माणूस माणसाचे शोषण करतो. आम्ही भाषेचे अध्यापक असल्याने या दोन अर्थांचा एरवी फार तर कोशापुरता विचार केला असता. परंतु आष्टा परिसरात पिकणाऱ्या हळदीचा भाव कसा ठरतो हे पाहू लागलो, की हे दोन्ही अर्थ एकाच ढिगाशेजारी उभे असलेले दिसतात. म्हणून प्रकाशाच्या शोषणाचे मोजमाप कसे घडत गेले, याचा इतिहास थोडक्यात मांडणे अगत्याचे वाटते.

या इतिहासाचा आरंभ डोळ्याच्या मर्यादेपासून होतो. 1729 साली पिएर बुगेर या फ्रेंच अभ्यासकाने एक साधी गोष्ट हेरली. प्रकाश किती आहे हे डोळ्याला सांगता येत नाही, पण दोन उजेड सारखे आहेत की नाहीत हे तो चांगले ओळखतो. मग एक उजेड दूर नेत दुसऱ्याच्या बरोबरीला आणावयाचा आणि अंतरावरून हिशेब करावयाचा, असा मार्ग त्याने काढला. त्यातून त्याला नियम सापडला : पहिल्या थराने निम्मा प्रकाश घेतला, तर तेवढ्याच जाडीचा दुसरा थर उरलेल्याच्या निम्मा घेतो, आणि तिसरा त्याच्याही निम्मा. 1760 मध्ये लॅम्बर्टने या नियमाला गणिती रूप दिले. 1852 मध्ये ऑगस्ट बेअर याने रंगीत द्रावणांवर काम करून जाडीप्रमाणेच द्रावणाच्या दाटपणाचाही हिशेब जुळवला. किती प्रकाश गिळला गेला त्यावरून आत किती द्रव्य आहे हे सांगण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

हळदीची कथा याच सुमारास समांतर चालली होती. तिच्यातील पिवळे द्रव्य 1815 मध्ये व्होगेल आणि पेलेतिए यांनी वेगळे काढले. त्या द्रव्याची, म्हणजे कुरकुमीनची, रचना 1910 मध्ये निश्चित झाली. कुरकुमीन जांभळा-निळा प्रकाश गिळते आणि बाकीचा परत करते. हळद आपल्याला पिवळी दिसते ती या परत केलेल्या प्रकाशामुळे. प्रयोगशाळेत हळदीची पूड मद्यार्कात उकळतात, अर्क गाळून पातळ करतात आणि एक सेंटिमीटर रुंदीच्या पारदर्शक कुपीतून 425 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. शोषणांक एक आला म्हणजे दहा टक्के प्रकाश पार झाला. दोन आला म्हणजे अवघा एक टक्का. 1941 साली अमेरिकेत बेकमन यांचे वर्णपटमापक यंत्र बाजारात आले. अशा यंत्रांत तुलनेचे काम डोळ्याऐवजी प्रकाशनळी करू लागली.

सांगलीच्या बाजाराला ही भाषा ठाऊक नव्हती, तरी त्यामागचे सत्य अगदीच अनोळखी होते असे म्हणवत नाही. हरिपूर आणि सांगलीवाडीच्या मातीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे साठवली जाई. पेव म्हणजे हवाबंद काळोख. कुरकुमीन जो प्रकाश गिळते, त्याच प्रकाशाने त्याचा रेणू हळूहळू मोडतो, हे रसायनशास्त्राने पुढे सांगितले. पेव मात्र रंग काळोखात सांभाळत आले होते. 2005 च्या महापुरात अनेक पेवे बुडाली. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या पेवांची आठवण पुन्हा निघाली.

सौद्यात मात्र अजूनही मुख्यतः बुगेरच्या आधीचे जग आहे. खरेदीदार हळकुंड मोडतो, आतला रंग पाहतो आणि भाव बोलतो. त्याची नजर तरबेज असते, यात शंका नाही. दोन नमुने शेजारी ठेवले तर ती क्वचितच चुकते. पण शेतकऱ्यापाशी त्या नजरेला उत्तर देणारे काही नसते. औषधासाठी वा निर्यातीसाठी घेणारा कुरकुमीनचा टक्का तपासून घेतो. ज्याने हळद लावली, शिजवली, वाळवली, त्याला मात्र आपल्या मालाचा टक्का बहुधा ठाऊक नसतो. आकडा एकाच पक्षाच्या हाती असला, की मोजमापही शोषणाच्या दुसऱ्या अर्थाला हातभार लावते.

यावर 'यंत्र आणा, न्याय होईल' असे म्हणणे सोपे आहे. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. यंत्र प्रकाश किती गिळला गेला एवढेच सांगते. कोणी गिळला, हे विचारत नाही. भेसळीसाठी वापरला जाणारा मेटॅनिल यलो हा रंग याच निळ्या पट्ट्यात प्रकाश शोषतो. त्यामुळे भेसळीची हळद यंत्रापुढे अधिक सकस ठरू शकते. उलट शिशाचे क्रोमेट मद्यार्कात विरघळत नाही, गाळणकागदावरच राहते. ते विष या मोजणीत दिसतच नाही. द्रव्ये एकमेकांपासून वेगळी करून मोजणाऱ्या वर्णलेखनासारख्या पद्धती त्यासाठीच लागतात. बेअरचा नियम खरा आहे, पण मोजायचे ते द्रव्य आपण आधी ओळखले आहे असे तो गृहीत धरतो. ती ओळख पटवण्याचे काम माणसाकडेच उरते.

सांगलीहून आष्ट्याकडे येताना वाटेत कसबे डिग्रज लागते. तेथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे. म्हणजे ज्ञान गावापासून दूर नाही. ते ज्ञान सौद्याच्या ढिगापर्यंत पोचून शेतकऱ्याच्या हातातली चिठ्ठी कधी होते, एवढाच प्रश्न आहे. मोजमापाचा इतिहास प्रायः शोधकांच्या नावांनी लिहिला जातो. आमच्या मते त्याला आणखी एक स्तंभ जोडला पाहिजे : मोजलेला आकडा वाचण्याचा अधिकार कोणत्या साली कोणाला मिळाला. हळदीच्या बाबतीत तो स्तंभ अद्याप पुरता भरलेला नाही.