रोडगा आणि बिनखमिराचा पाव

मंडळाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने आपल्या आवडीचा विषय घेऊन काही लिहावे असे बैठकीत ठरले. मी सातवीपर्यंत शिकलेली एक साधी गृहिणी आहे. इतिहासाची आवड मात्र मला शाळेपासून आहे. आपल्या गेवराई तालुक्यातच राक्षसभुवन आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्या हजारो माणसांच्या पोटात रोज काय पडत होते आणि ते कोण शिजवीत होते, याविषयी शाळेच्या पुस्तकात एक ओळ नव्हती. लढायांचा इतिहास लिहायला पुष्कळ विद्वान आहेत. मी आज चुलीजवळचा इतिहास सांगणार आहे, आणि तोही एका छोट्याशा पदार्थाचा. घरच्या घरी, खमीर म्हणजे यीस्ट न घालता केलेला खारा पाव, हा तो पदार्थ.

पाव आपल्या गावात नवा वाटतो, पण कणकेचा गोळा करून विस्तवात भाजायची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. आपला रोडगा घ्या. जाडसर दळलेले गव्हाचे पीठ, त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन. घट्ट भिजवायचे, गोळे करायचे आणि गोवऱ्यांचा जाळ निवला की फुफाट्यात पुरायचे. बाहेरून खरपूस आणि आतून मऊ झाला की राख झटकायची, फोडायचा आणि वर तूप सोडायचे. खानदेशात याच्याच बहिणीला बट्टी म्हणतात, विदर्भात पानगे करतात. तव्याची गरज नाही, पोळपाट-लाटण्याचीही नाही. रानात, जत्रेत, देवाच्या दारी, कोठेही होतो.

मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य असतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. आपल्या शेजारच्या पैठणचे एकनाथ महाराज सोळाव्या शतकातले. त्यांच्या एका भारुडात सासरच्या माणसांना कंटाळलेली एक सून भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलते. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही रोडगा गोरगरिबांच्या घरचा आणि नवसाचा पदार्थ होता. हे भारूड ऐकून आपण हसतो. पण सुनेच्या मनातले गाऱ्हाणे देवीपुढे मांडायला नाथांना रोडगाच आठवला, याचे मला मोठे कौतुक वाटते.

रोडगा नवसाचा का झाला, याचेही कारण आहे. आपला मुलूख ज्वारी-बाजरीचा. रोजच्या जेवणात भाकरी, आणि गव्हाची पोळी सणावारी. गहू दुर्मिळ म्हणून त्याचा रोडगा देवाला. पुढे १९६६-६७ नंतर ठेंगण्या गव्हाची नवी बियाणी देशात पसरली. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण झाले. रेशनच्या दुकानातूनही गहू मिळू लागला. तेव्हा कोठे आपल्या घरात रोज पोळी दिसू लागली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आत्याबाई खडी फोडायच्या कामावर होत्या. तेथे मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो यांच्या आठवणी त्या सांगत. मिलोची भाकरी धड थापली जात नसे, पण त्याच भाकरीवर माणसे जगली.

आता पावाकडे वळू. पाव हा शब्द मूळचा पोर्तुगीज. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतले. त्यांना गव्हाची फुगलेली रोटी खायची सवय, पण येथे त्यांना पाहिजे तसे खमीर मिळेना. तेव्हा माडाची ताडी, जिला गोव्यात सूर म्हणतात, ती पिठात घालून ते आंबवू लागले. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात. पहाटे त्याच्या सायकलच्या भोंग्याने गाव जागे होते, असे तिकडे जाऊन आलेल्या बायका सांगतात. पाव पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. ती अगदी चुकीची आहे. शब्दाचा पायाशी काही संबंध नाही.

खमिराची रोटी आपल्या मराठवाड्याला मात्र पोर्तुगिजांच्याही आधीपासून ठाऊक असावी. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. औरंगाबादचा प्रसिद्ध नानखलिया त्या फौजेबरोबर आला, असे सांगितले जाते. नान म्हणजे भट्टीत भाजलेली आंबवलेली रोटीच. म्हणजे रोडगा फुफाट्यात, नान भट्टीत आणि भाकरी तव्यावर, असे तीन संसार शेजारी शेजारी नांदत होते. पण एका घरचे दुसऱ्या घरी जात नव्हते.

येथेच या इतिहासातली खरी गोष्ट सुरू होते. वसईचा मुलूख १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. त्या दोनशे वर्षांत पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी गावाने प्यायले की सारा गाव बाटला, अशी समजूत तेव्हापासून पसरली. आपल्या समाजाला पावाची एवढी धास्ती होती. माणूस मनाने तसाच राहिला तरी तोंडात गेलेल्या तुकड्याने त्याचा धर्म गेला, असे लोक मानीत.

या धास्तीला काही तरुणांनी तोंड दिले. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांच्या मित्रांनी परमहंस मंडळी नावाची गुप्त सभा स्थापन केली. हेच ते मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा. जातिभेद मोडावा हा त्यांचा हेतू. नव्या सभासदाची परीक्षा कशी घ्यायची? तर त्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा सर्वांसमक्ष खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. आज हे वाचून हसू येईल, पण त्या काळी घरी कळले असते तर वाळीत पडण्याची वेळ आली असती. पुढे १८६० साली सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली. नावे उघड होतील या भीतीने मंडळी मोडली. पावाचा तुकडा खाताना धैर्य होते, पण गावाने बोट दाखवताच ते टिकले नाही. या लोकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. १८६७ साली प्रार्थना समाज निघाला, त्यात यांच्यापैकी काही जण पुन्हा उघडपणे उभे राहिले. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, त्यावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्या थोर पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या वादात पडावे लागले. मग आपल्या आज्या-पणज्यांनी पाव शिवला नाही, यात नवल ते काय?

आमच्या आत्याबाईंनी तर जन्मभर बाजारचा पाव तोंडात घातला नाही. पाव म्हणजे आजाऱ्याचे खाणे, दुधात बुडवून द्यायचे, एवढेच त्यांना ठाऊक. २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. शहरातून येणारी पावाची गाडी बंद झाली आणि मुलांनी पावभाजीचा हट्ट धरला. यीस्ट दुकानात मिळेना. तेव्हा मी दही आणि खाण्याचा सोडा घालून घरीच पाव केले. आत्याबाई चुलीपाशी बसून पाहात होत्या.

"ह्याच्यात काय काय घातलंस गं?" त्यांनी विचारले.

"कणीक, दही, सोडा, मीठ आन् ओवा," मी म्हटले.

"मंग ह्यो तर रोडगाच की!" असे म्हणून त्यांनी एक उचलला आणि वरणात कुस्करून खाल्ला. ऐंशी वर्षांच्या वयात त्यांनी खाल्लेला हा पहिला पाव.

मी पुष्कळ विचार केला. खमीर असते काय? पिठातली साखर खाऊन वायू सोडणारे ते अतिसूक्ष्म जीव. आंबणे हे जिवंत जीवांचे काम आहे, हे १८५७ पासूनच्या काही वर्षांत फ्रान्समधल्या लुई पाश्चरने दाखवून दिले. आपले दही विरजते तेही अशाच सूक्ष्म जीवांमुळे, आणि जिलबीचे पीठही तसेच आंबते. दही तर आपण देवाला घालतो. तेव्हा आत्याबाईंना नकोसे होते ते खमीर नव्हे, पीठ मळणारा परका हात नकोसा होता. माझ्या हातचा पाव त्यांनी खाल्ला याचा मला आनंद झाला, आणि दुसऱ्याच्या हातचा त्यांनी जन्मभर खाल्ला नाही याचे वाईटही वाटले.

सोड्याचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम गावी आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती आणि खमिराचा पावही सोसत नव्हता. बायकोसाठी त्याने १८३७ साली अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर केली, आणि १८४३ साली बेकिंग पावडर. सोडा, एक कोरडे आम्ल आणि ओल शोषून घ्यायला थोडे पिष्ट, एवढाच तो मसाला. पाणी लागले की सोडा आणि आम्ल यांची गाठ पडते, वायू सुटतो आणि पीठ फुगते. आपल्या देशात मिठापूरचा टाटांचा रसायनांचा कारखाना १९३९ साली सुरू झाला. पापडखार तर आपल्या घरात आधीपासून होताच. बायकोला सोसेल असे खाणे शोधत बसणारा नवरा इतिहासात सापडला, म्हणून त्याचे नाव मुद्दाम येथे लिहिले आहे!

आता कृती सांगते. चहाचा चमचा आणि घरची मध्यम वाटी हे माप धरावे. दोन वाट्या पीठ घ्यावे, अर्धी कणीक व अर्धा मैदा घेतला तर हलके होतात. त्यात पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चमचाभर ओवा, बारीक चिरलेली कोथिंबीर आणि एक हिरवी मिरची घालावी. पोह्याचे दोन चमचे तेल चोळावे. मग पाऊण वाटी आंबट दही घालून हलक्या हाताने गोळा करावा, कमी वाटले तर थोडे पाणी. खमिराचे पीठ खूप मळून तास-दोन तास झाकून ठेवावे लागते. येथे उलटे आहे. सोड्याला दही लागताच वायू सुटू लागतो, म्हणून ठेवून देऊ नये, आणि फार मळले तर पाव चिवट होतो. लगेच आठ गोळे करून तेल लावलेल्या थाळीत ठेवावे व वरून दुधाचा हात फिरवावा.

भट्टी नको. जाड बुडाच्या कढईत दोन वाट्या जाडे मीठ पसरावे, त्यावर लोखंडी कडे ठेवावे, झाकण घालून दहा मिनिटे तापवावी. मग थाळी आत ठेवून मंद ते मध्यम आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे. सुई खुपसून पाहावी, कोरडी निघाली की झाले. काढल्यावर स्वच्छ फडक्यात गुंडाळावे म्हणजे वरचे कवच मऊ राहते. हे पाव त्याच दिवशी खावेत, दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात. वाटाण्याची उसळ, पिठले किंवा वांग्याचे भरीत, कशाबरोबरही चालतात.

भगिनींनो, आपल्यातल्या कितीतरी जणी दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. तेथे कोपीपुढे तीन दगडांची चूल मांडून पहाटे तीनला भाकरी थापतात, आणि मग दिवसभर मोळ्या वाहतात. त्यांच्यापुढे पावाच्या कौतुकाच्या गोष्टी सांगताना मला संकोच वाटतो. पण त्यांच्या तोंडून मी एक ऐकले आहे. फडावर कोणाच्या कोपीत पीठ संपले तर शेजारच्या कोपीतून भाकरी येते, आणि ती कोणत्या जातीच्या हातची हे कोणी विचारीत नाही. परमहंस मंडळींनी बंद दाराआड केले ते या आपल्या बहिणी उघड्या रानात रोज करतात. गावात परत आल्यावर मात्र पंगती पुन्हा वेगळ्या होतात.

माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या चंपाषष्ठीला प्रत्येकीने आपल्या घरी केलेला एक जिन्नस आणावा. कोणी रोडगे आणील, कोणी नान, कोणी हे दह्याचे पाव, कोणी ज्वारीची भाकरी. सर्व एका परातीत ठेवून एका पंगतीला बसून खावे. कोणाचे काय हे विचारू नये. पाककृती मात्र अवश्य विचारावी.