शिटीची पोच

इ. स. १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ व्या तारखेस दुपारीं साडेतीनच्या सुमारास, १४ डबे व सुमारें ४०० पाहुणे घेऊन, उतारूंची पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास निघाली. ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ अशीं तीन इंजिनें तिला जोडलेलीं होतीं. निघतेवेळीं २१ तोफांची सलामी झाली, आणि २१ मैलांचा तो मार्ग गाडीनें काटला. शीव मागें पडली, खाडी ओलांडली, आणि गाडी साष्टींत शिरली. आज जेथें घाटकोपर, भांडुप आणि मुलुंड या नांवांच्या गजबजलेल्या वस्त्या आहेत, तेथें त्या वेळीं भाताचीं खांचरें, मिठागरें आणि विरळ खेडीं होतीं. आभाळाचा गडगडाट सोडला, तर त्या मुलखांतला मोठ्यांत मोठा आवाज म्हणजे देवळांतली किंवा चर्चमधली घंटा, नाहीं तर लग्नांतला ताशा. अशा ठिकाणीं वाफेची शिटी वाजली, तेव्हां तिला अडविणारें कांहीं नव्हतें. ना उंच इमारत, ना दुसरा आवाज.

त्या शिटीची पोच तेव्हां किती होती, आणि आज किती आहे, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचें उत्तर यंत्रांत जितकें आहे, तितकेंच भोंवतालच्या जगांत आहे.

शिटी ही आगगाडीची हौस नव्हे, गरज आहे. बैलगाडी जागच्या जागीं थांबते. आगगाडीला थांबावयास शेंकडों हात अंतर लागतें, आणि रूळ सोडून बाजूला होणें तर तिला शक्यच नाहीं. जिला वळतां येत नाहीं, तिनें दुसऱ्याला वळण्यास सांगितलें पाहिजे. म्हणूनच विलायतेंत १८३० नंतरच्या दहा वर्षांत आगगाडीबरोबर वाफेची शिटीही रूढ झाली. मुंबईच्या उत्तरेस ही शिटी लवकरच दुसऱ्या बाजूनेंही ऐकूं येऊं लागली. बी. बी. अँड सी. आय. कंपनीचा मार्ग १८६४ सालीं मुंबईस पोंचला, आणि १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईस रोज येणारी गाडी सुरू झाली. बोरिवली, पहाडी म्हणजे आजचें गोरेगांव, आणि अंधेरी येथें ती थांबत असे. सकाळची शिटी आणि सांजची शिटी हें त्या गांवांचें घड्याळच झालें असल्यास नवल नाहीं.

पुढें वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गावर विजेची गाडी धांवली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली मार्गावरही ती धांवूं लागली. लांबच्या गाड्यांना वाफेचीं इंजिनें पुढेंही अनेक वर्षें जोडलीं जात होतीं. पण लोकलच्या पोटांतून वाफ गेली, आणि तिच्याबरोबर ती तीक्ष्ण शिटीही गेली. तिच्या जागीं हवेचा भोंगा आला. ब्रेक लावण्याकरितां गाडींत दाबलेली हवा सतत भरून ठेवलेली असते. त्याच हवेचा झोत एका पातळ पडद्यावर सोडला म्हणजे पडदा थरथरतो, आणि पुढचा कर्णा ती थरथर समोरच्या दिशेस फेंकतो. मोठ्या ट्रकला व बसलाही हवेचेच ब्रेक असतात. म्हणून आगगाडीच्या तऱ्हेचा भोंगा रस्त्यावरच्या वाहनाला बसविणें सोपें झालें; लहान मोटारीला त्यासाठीं हवा दाबणारा छोटा पंप आणि टांकी पुरते.

हा आवाज किती दूर जातो, याचा हिशेब अवघड नाहीं. आवाज मोजण्याचें माप डेसिबल. आगगाडीच्या भोंग्याचा आवाज गाडीपुढें १०० फुटांवर ९६ हून कमी व ११० हून अधिक असूं नये, असा अमेरिकेंतील नियम आहे. त्यांतला मोठा आंकडा घ्यावा. मोकळ्या मैदानांत अंतर दुप्पट झालें, कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. म्हणजे २०० फुटांवर १०४, ४०० फुटांवर ९८, असें करीत ६,४०० फुटांवर, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटरांवर, ७४ उरतात. आणि पावणेआठ किलोमीटरांवर ६२. हवा स्वतःही थोडा आवाज गिळते, जमीन आणि झाडें आणखी गिळतात. तरीहि ज्या खेड्यांतल्या रात्रीचा आवाज ३०-३५ डेसिबलांवर उतरलेला असतो, तेथें तो भोंगा कित्येक किलोमीटरांवरून स्पष्ट ऐकूं यावा, यांत आश्चर्य नाहीं.

परंतु तोच भोंगा आज अंधेरी किंवा घाटकोपरच्या स्टेशनाबाहेर घेऊन यावा. वाहत्या रस्त्याचा आवाजच ७५ ते ८० डेसिबल असतो. मैदानांत जो भोंगा दोन किलोमीटरांवर ७४ उरला, तो येथें त्या अंतरावर रस्त्याच्या गलक्यांत बुडून जातो. मध्यें इमारती असल्या, तर त्याच्या कितीतरी आधीं बुडतो. भोंगा दुबळा झाला नाहीं; त्याच्या भोंवतालची शांतता संपली. १९५० सालीं अंधेरी-घाटकोपरचा भाग आणि १९५७ सालीं बोरिवली-मुलुंडचा भाग बृहन्मुंबईंत आला. गांव शहरांत गेलें, तशी शिटीची पोच मैलांवरून हातांवर आली.

तींतही ऋतूचा आणि वेळेचा हात आहेच. विलायतेंत धुक्यांत जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यांची परीक्षा जॉन टिंडल या शास्त्रज्ञानें १८७३ सालीं डोव्हरजवळ घेतली. स्वच्छ, शांत, उन्हाच्या एका दिवशीं तोच भोंगा दोन-तीन मैलांपलीकडे ऐकूं येईना, आणि दुसऱ्या दिवशीं दहा मैलांहून अधिक अंतरावर ऐकूं आला! पुढच्याच वर्षीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यानें त्याचें एक मोठें कारण उलगडून दाखविलें. उष्ण हवेंत आवाज अधिक वेगानें जातो. दुपारीं जमिनीलगतची हवा तापलेली असते. त्यामुळें आवाज वर वळतो आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातो. थंडीच्या रात्रीं जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. तेव्हां वर गेलेला आवाज पुन्हां खालीं वळतो. बोरिवलीच्या डोंगराकडेला राहणाऱ्या माणसाला पौषाच्या पहांटे गाडी जणूं खिडकीखालून गेल्यासारखी वाटते, त्याचें मर्म हेंच. वाऱ्याचाही असाच परिणाम होतो. वारा उंचावर अधिक जोराचा असतो, म्हणून वाऱ्याच्या दिशेनें जाणारा आवाज खालीं वळतो आणि उलट जाणारा वर उचलला जातो, हें जॉर्ज स्टोक्स यानें १८५७ मध्येंच दाखविलें होतें.

येथवर प्रश्न हवेचा होता. येथून पुढें तो माणसाचा होतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २०२३ या एका वर्षांत अडीच हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांतला मोठा भाग रूळ ओलांडणाऱ्यांचा होता. त्यांच्या कानांपर्यंत भोंगा पोंचलाच नाहीं, असें म्हणवत नाहीं. ताशी १०० किलोमीटर वेगानें येणारी लोकल दर सेकंदास सुमारें २८ मीटर अंतर तोडते; २०० मीटरांवरून भोंगा वाजला, तर माणसाच्या हातीं सातच सेकंद असतात. शिवाय मोठी वस्तु समोरून येतांना तिचा वेग डोळ्याला कमी भासतो. अशा वेळीं आवाज किती मैल जातो याला महत्त्व नाहीं. त्या सात सेकंदांत तो मनापर्यंत जातो कीं नाहीं, याला आहे.

२०१० च्या सुमारास हार्बर मार्गावरील वडाळा येथें, जवळच्याच स्टेशनावर, हाच प्रश्न घेऊन एक प्रयोग झाला. फायनल माइल या संस्थेनें रेल्वेच्या संमतीनें तीन साध्या गोष्टी केल्या. गाडीचा वेग डोळ्याला उमजावा म्हणून कांहीं स्लीपर पिवळे रंगविले; रूळ ओलांडण्याच्या जागीं गाडीखालीं सांपडणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचें चित्र लावलें; आणि मोटरमननीं एका लांब भोंग्याऐवजीं दोन तुटक, आखूड भोंगे द्यावेत, अशी योजना केली. लांब आवाजाला कान सरावतो. तुटलेल्या आवाजानें मन दचकतें. पुढील महिन्यांत तेथील मृत्यूंची संख्या उतरल्याचें नमूद झालें. भोंगा मोठा केला नव्हता. केवळ निराळा केला होता.

या अनुभवापुढें रस्त्यावरचे आगगाडी-भोंगे ठेवून पाहावेत. ते विकतांना दीडशें डेसिबलांच्या जाहिराती होतात. पण किती अंतरावर मोजले, हें सांगितलें नाहीं, तर त्या आंकड्याला अर्थ नाहीं. कायदा या बाबतींत स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ व्या नियमानें अनेक सुरांचे, तसेंच कर्कश व दचकविणारे भोंगे मना केले आहेत. सवलत आहे ती रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, पोलीस अशांच्या वाहनांना. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली, आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत वस्तींत हॉर्न वाजवूं नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं दिला. २०२० च्या आरंभीं मुंबई पोलिसांनीं एक युक्ति पुढें आणली: चौकांतला गोंगाट ८५ डेसिबलांवर गेला, कीं सिग्नलचा लाल दिवा पुन्हां पहिल्यापासून मोजूं लागे. जो अधिक वाजवील, तो अधिक थांबेल!

या बंदीमागें केवळ कानाची काळजी नाहीं. आगगाडीचा आवाज हा एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ एकच: ‘मला थांबतां येत नाहीं, तूं दूर हो.’ ज्या ट्रकला थांबतां येतें, त्यानेंही तोच शब्द उच्चारला, तर तो हळूहळू खोटा ठरतो, आणि ‘लांडगा आला रे आला’ ओरडणाऱ्या पोराची गत त्याला येते. रस्त्यावर शंभर वेळां ऐकून न ऐकल्यासारखा केलेला आवाज रुळांवर एकशें एकाव्या वेळीं ऐकावा, ही अपेक्षा कानाकडून करतां येत नाहीं.

१८५३ सालीं साष्टीच्या खाचरांतून गेलेल्या त्या शिटीजवळ आजच्या भोंग्याहून अधिक बळ होतें असें नाहीं. तिच्या भोंवतीं शांतता होती, आणि तिच्यासारखें दुसरें कोणी बोलत नव्हतें. तिची पोच या दोहोंवर उभी होती. त्यांतली पहिली गोष्ट या महानगराला परत आणतां येणार नाहीं. दुसरी मात्र अजूनही प्रत्येक वाहन चालविणाराच्या हातांत आहे.