गोंद, गर्डर आणि बोस्टनचा बोगदा

स्टीलचे दोन गर्डर जोडायला बोल्ट आणि वेल्डिंगच का? सरळ चिकटवून का टाकत नाहीत? हसू नका, प्रश्न वाटतो तितका येडपट नाही. १९४१ मध्ये इंग्लंडमधल्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांच्या कंपनीने 'रेडक्स' नावाचा धातू चिकटवणारा गोंद बनवला. पुढे कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानातही तो वापरला. म्हणजे ताकदीचा प्रश्न नाहीच.

पहिला प्रश्न आगीचा. स्टीलची ताकद निम्म्यावर यायला साधारण ५५० अंश तापमान लागतं. साइटवर कालवलेला नेहमीचा इपॉक्सी शंभरीच्या आतच मऊ पडतो. पण खरी गोम आहे ती वेळेची.

बोस्टनमध्ये 'बिग डिग' नावाच्या अवाढव्य प्रकल्पात विमानतळाकडे जाणारा एक बोगदा आहे. त्याच्या छताखाली, हवा खेळवण्यासाठी, काँक्रीटच्या पॅनेल्सचं दुसरं छत टांगलं होतं. कशाला टांगलं होतं? वरच्या काँक्रीटमध्ये भोकं पाडून इपॉक्सीने चिकटवलेल्या स्टीलच्या रॉडना! १० जुलै २००६ च्या रात्री त्यातले २० रॉड निसटले आणि सुमारे २६ टनांचा ढिगारा एका मोटारीवर कोसळला. गाडी चालवणारा नवरा वाचला, शेजारी बसलेली बायको गेली.

गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की हे रॉड बसवताना ओढून तपासले होते आणि पास झाले होते. इपॉक्सी झटकन दिलेला झटका मजेत सोसतो. पण त्याच्यावर कमी का होईना, कायमचा भार ठेवला की तो महिनोन्‌महिने कणाकणाने सरकत राहतो. याला म्हणतात क्रीप. आपल्या भाषेत मेमरी लीक: टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं, आणि सर्व्हर वर्षभर चालू ठेवला की धाडकन खाली. त्या इपॉक्सीचे दोन प्रकार मिळायचे, साधा आणि झटपट सुकणारा. वापरला गेला झटपटवाला, आणि क्रीपमध्ये नेमका तोच कच्चा निघाला. २००७ च्या चौकशी अहवालात हे सगळं आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १९९९ मध्येच, काम चालू असताना, याच प्रकल्पातल्या शेजारच्या बोगद्यात काही रॉड सरकलेले दिसले होते. दुरुस्ती केली, पुन्हा ओढून पाहिलं, विषय बंद. बोगदा सुरू झाल्यावर तर छताकडे नियमितपणे कोणी बघितलंच नाही.

या अपघातानंतर अमेरिकेत डोक्यावर कायमचा भार टांगायला असले चिकट अँकर वापरण्यावर कडक बंधनं आली. जपानमधल्या सासागो बोगद्यात मात्र चिकटवलेल्या बोल्टवरचं छत १९७७ पासून लटकतच होतं. तिथे बोल्टवर हातोडी मारून आवाज ऐकायची तपासणी असते, पण वरच्या बोल्टवर ती बरीच वर्षं झालीच नव्हती. २ डिसेंबर २०१२ ला ते छत पडलं. नऊ जण गेले.